नाच तिचा, फ्रेम आपली

पॉप गाण्यांचे व्हिडिओ घडवणाऱ्या दिग्दर्शकांना, छायाचित्रकारांना, माझ्या संकलक सहकाऱ्यांना आणि आपलं काम पाहून 'पास' म्हणणाऱ्या संगीत कंपन्यांना,

सप्रेम नमस्कार.

गाण्यांच्या व्हिडिओंमध्ये शरीर ज्या तऱ्हेनं दाखवलं जातं त्याचा कुणाला राग आला, कुणाला काळजी वाटली, की पत्र लिहिलं जातं. अशी कितीतरी पत्रं, लेख आणि सल्ले मी वाचले आहेत. जवळजवळ सगळे गाणारीला किंवा नाचणारीला उद्देशून. ऑक्टोबर २०१३ मध्ये आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनर यांनी अमेरिकन पॉप गायिका मायली सायरसला असंच एक उघड पत्र लिहिलं. मायलीनं आपल्या 'रेकिंग बॉल' या गाण्याच्या व्हिडिओमागची प्रेरणा म्हणून ओ'कॉनर यांच्याच एका जुन्या व्हिडिओचं नाव घेतलं होतं, त्यामुळे त्यांना बोलावंसं वाटणं साहजिक होतं. पत्रात आईची माया होती, आणि हा धंदा तुझ्या देहावर पैसा करेल असा इशाराही होता.

ओ'कॉनर यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. त्यांच्या इशाऱ्यातला शब्दन् शब्द मला पटतो. तरीही ते पत्र गेलं त्या वीस वर्षांच्या मुलीच्या नावे. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ज्यांनी ठरवलं, शॉट कुठे कापायचा हे ज्यांनी ठरवलं, तयार व्हिडिओ बघून ज्यांनी होकार दिला, त्यांच्या दारात कुणी टपाल टाकलं नाही. म्हणून हे पत्र आपल्याला. 'आपल्याला' म्हणते, कारण अकरा वर्षं मी संकलनाच्या टेबलावर बसते आहे. त्याआधी चार वर्षं मागच्या रांगेत नाचत होते.

नाचत होते तेव्हाची गोष्ट आधी सांगते.

दोन दिवसांचं शूट होतं. आम्ही आठ जणी. कपडे आले ते एकाच मापाचे, आणि माझा स्कर्ट कमरेला सैल होत होता. ड्रेसचं बघणाऱ्या ताईंना श्वास घ्यायला वेळ नव्हता, म्हणून मीच डाव्या बाजूला पट्ट्याची चुणी घालून एक सेफ्टीपिन आडवी लावली. पिन दिसू नये म्हणून तिच्यावर काळं मार्कर फिरवलं, पण टोक चमकायचं राहिलंच. तालीम आम्ही आठवडाभर केली होती. त्या नाचात एक जागा मला फार आवडायची. अंतरा संपताना एका पायावर गिरकी घ्यायची, अंग थांबवायचं आणि मान सगळ्यात शेवटी वळवायची. ती मान कोरिओग्राफरनं आमच्याकडून तीन दिवस घोटून घेतली होती. मान वळल्याशिवाय गिरकी पुरी होत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा.

व्हिडिओ आला त्या रात्री घरचे सगळे जमून बघायला बसलो. अंतरा संपत आला तशी मी पुढे सरकून बसले. पडद्यावर एक शरीर आलं, गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचं. डोकं फ्रेमच्या वर राहिलेलं, पावलं फ्रेमच्या खाली. ते संथ गतीत गिरकी घेत होतं. आई म्हणाली, "तू कुठे आहेस गं यात?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या शरीराच्या डाव्या कमरेवर माझी पिन चमकली होती.

मान फ्रेममध्ये नव्हतीच.

मी त्या नाचाला हो म्हटलं होतं. त्या कपड्यांनाही हो म्हटलं होतं, ते मला आवडलेही होते. आपल्या अंगाची, आपल्या लयीची, आपल्या दिसण्याची ऐट मला तेव्हा होती आणि ती असण्यात काही गैर आहे असं मला आजही वाटत नाही. नाचात शृंगार असतो, गाण्यात वासना असते, ती असावी. कपडे किती असावेत याची मोजपट्टी घेऊन मी आलेले नाही. माझी तक्रार फ्रेमची आहे. ती फ्रेम मला कुणी दाखवली नाही. तिच्याबद्दल मला कुणी विचारलं नाही. आणि व्हिडिओवर टीका होते तेव्हा आपण सगळे एका सुरात जे सांगतो, "तिची स्वतःची मर्जी होती", ते या एका जागी साफ खोटं पडतं. तिची मर्जी नाचापुरती होती. फ्रेम आपली होती.

चोरून पाहणं म्हणजे काय, याचा मी खूप विचार केला आहे. दाराच्या फटीतून पाहणाऱ्याला जे हवं असतं ते नुसतं उघडं अंग नसतं. आपण बघतोय आणि समोरच्याला ते कळत नाहीये, त्यात त्याचं सुख असतं. रंगमंचावर नाचणारीला प्रेक्षक दिसतात, त्यांची नजर कुठे आहे हे तिला कळतं, नको वाटलं तर ती पाठ फिरवू शकते. शूटवर तिला कॅमेरा दिसतो, पण त्याला कुठली लेन्स लावली आहे हे दिसत नाही. वीस पावलांवर उभा असलेला कॅमेरा आपल्याला डोक्यापासून पायापर्यंत घेतोय असं ती धरून चालते. त्यावर लांब पल्ल्याची लेन्स असेल तर तो फक्त तिची कंबर घेत असतो. कॅमेरा समोर, दिव्यांचा लखलखाट, भोवती चाळीस माणसं, आणि तरीही फट तीच.

चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली चित्रपटातल्या पुरुषी नजरेवर जो निबंध लिहिला, तो आपल्यातल्या पुष्कळांनी शिकताना वाचला असेल. बाईचा देह डोळाभर दाखवायचा म्हटलं की चित्रपटाला आपली गोष्ट क्षणभर थांबवावी लागते, हे त्यांचं निरीक्षण मला नेहमी आठवतं. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही हे गाण्यांच्या व्हिडिओंचं चॅनल सुरू झालं आणि त्या माध्यमाला थांबवण्यासारखी गोष्टच नव्हती. तीन-चार मिनिटं, एक गाणं आणि दर दोन सेकंदांनी नवं काहीतरी दाखवायची घाई. आपण ती घाई शरीराच्या तुकड्यांनी भरत आलो.

हे कसं घडतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं, आपल्याला चांगलं ठाऊक असतं. म्हणून लिहूनच टाकते.

सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात आणि कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेम घेतो. तेच फुटेज २४च्या गतीनं चालवलं की ओठ गाण्याशी जुळतात आणि अंग मात्र पाण्यात असल्यासारखं तरंगतं. नाचणारी सेटवर जिवाच्या आकांतानं दुप्पट वेगात नाचलेली असते. तिच्या मेहनतीचा, घामाचा, दमाचा मागमूस त्या तरंगण्यात उरत नाही. मांडीचं हलणं मात्र सावकाश, ठळक दिसतं. तिनं केलेल्या नाचात ते नव्हतंच. ते आपण घडवलं.

दुसरं त्याहून सोपं आहे. शूट ४के मध्ये, व्हिडिओ द्यायचा एचडीत, आणि ४केचं चित्र एचडीच्या दुप्पट रुंद, दुप्पट उंच असतं. म्हणजे चित्राचा दर्जा न बिघडवता मी टेबलावर बसून दुप्पट जवळ जाऊ शकते. शूटच्या दिवशी मॉनिटरसमोर उभं राहून तिनं स्वतःचा टेक पाहिला, बरं वाटलं, मान डोलावली. तिनं पाहिलेल्या फ्रेमचा चौथा हिस्सा कापून मी तोच शॉट म्हणून लावते. कुठला चौथा हिस्सा, हे ठरवताना खोलीत मी आणि दिग्दर्शक, दोघंच असतो. आता तर त्यापुढे फोनसाठी उभी आवृत्ती काढायची असते. आडव्या चित्राची रुंदी उभ्या फ्रेममध्ये जेमतेम एक तृतीयांश उरते. चार जणी नाचत असतील तर कोण राहील, कोण जाईल, कुणाचा दंड राहील आणि कुणाचा चेहरा जाईल, ही निवड बहुतेक वेळा घाईत, शेवटच्या रात्री, संघातल्या सगळ्यात नवख्या मुलाकडे दिलेली असते.

आणि २०२२ पासून यूट्यूबवर प्रगतीच्या पट्टीवर एक छोटा आलेख दिसतो. लोकांनी सर्वाधिक वेळा मागे जाऊन कुठला भाग पाहिला त्याचा. व्हिडिओ आल्यावर आठवड्याभरानं कंपनीतून कुणीतरी त्या आलेखाचं चित्र पाठवतं, उंचवट्यावर लाल गोल करून. पुढच्या वेळी असे चार हवेत, एवढाच निरोप. त्या उंचवट्याखाली नेमकं काय आहे ते मी उघडून पाहते. कधी तिथे खरंच सुरेख पदन्यास असतो. कधी वाऱ्यानं उडालेला कपडा असतो, जो उडेल हे त्या मुलीलाही माहीत नव्हतं.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते. हे पत्र लिहायचं कारण तेच आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वीचं काम. रशेस, म्हणजे शूटचं कच्चं फुटेज, बघत होते. "कट" असा आवाज येतो, पण कॅमेरा थांबत नाही. आपल्याकडे तो पुष्कळदा थांबत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मुली पांगतात. एक जण बाजूला जाऊन पाण्याची बाटली उचलायला वाकते, मग कॅमेऱ्याकडे पाठ करून खांद्याची पट्टी सारखी करते, मानेवरचा घाम पुसते. दमलेली, निर्धास्त. दिग्दर्शकानं त्या जागी खूण करून ठेवली होती आणि शेजारी लिहिलं होतं: 'नैसर्गिक'. मी ते फुटेज दोनदा पाहिलं. पट्टी सारखी करतानाचा तुकडा उचलला आणि कडव्यामधल्या एका रिकाम्या ठोक्यावर बसवला. अठरा फ्रेम. पाऊण सेकंद. फार सुंदर बसला, हे मी आजही नाकारणार नाही.

व्हिडिओ आल्यानंतर दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. भांडायला नव्हता. तिनं एवढंच विचारलं, "ताई, तो शॉट कधी घेतला? मी तेव्हा टेक देत नव्हते ना?"

मी म्हटलं, मधल्या वेळातला आहे. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन वेळा मी तिला कामासाठी विचारलं. ती आली नाही.

ज्या बाईनं स्वतःचं अंग एका पिनेवरून ओळखलं होतं, तिनं हे केलं. का केलं, याचं उत्तर मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. टेबलावर बसलं की माणूस उरत नाही, फुटेज उरतं. हा आपल्या कामाचा गुणही आहे आणि घात करणारा भागही. एकाच टेकमधले डोळे, हात, पाठ आपण वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो, मग ठोक्यावर जुळवतो. वस्तूकरण हा शब्द मोठा विद्वत्तेचा वाटतो, पण संकलकाला तो समजावून सांगावा लागू नये. तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी १९९५ मध्ये वस्तूकरणाची जी लक्षणं मांडली त्यांत एक आहे अदलाबदलीचं: ही नाही तर ती, काही बिघडत नाही. गायक रॉबर्ट पामर यांच्या 'अॅडिक्टेड टू लव्ह'चा १९८६ चा व्हिडिओ आठवा. मागे पाच मॉडेल, एकसारखा मेकअप, एकसारखे काळे कपडे, हातात वाद्यं आणि चेहऱ्यावर काहीही नाही. त्यांचे चेहरे दिसतात. तरी एक जागची उचलून दुसरीच्या जागी ठेवली तर कुणाला कळणार नाही, अशीच ती रचना आहे. ज्या व्हिडिओला पुढची कित्येक वर्षं आपण सगळ्यांनी नमुना मानलं, तो हा.

त्या पिनेच्या व्हिडिओनंतर मी आणखी दीड वर्ष नाचले, पण वाईट नाचले. लेन्स कुठे आहे, आत्ता माझा कुठला भाग घेत असतील, पोट आत आहे ना, याच विचारात पाय चुकायचे. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाबद्दल पुढे वाचलं तेव्हा मला माझीच गोष्ट वाचल्यासारखं झालं. विद्यार्थ्यांना एकेकट्यानं आरशासमोर कुणाला पोहण्याचा पोशाख, कुणाला स्वेटर घालायला दिला आणि त्याच कपड्यांत गणितं सोडवायला लावली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलांमध्ये तसा फरक पडला नाही. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. बघणारा डोळा मुलीच्या डोक्यात जाऊन बसला होता. नाचणारीच्या डोक्यात तो आपण बसवतो, आणि मग तिचा नाच उतरला की दुसरी बोलावतो.

हे फक्त बायकांपुरतं आहे असं कुणी समजू नये. डीअँजेलो या गायकाच्या 'अनटायटल्ड' गाण्याचा २००० सालचा व्हिडिओ पाहा. कॅमेरा त्याच्या उघड्या देहाभोवती अगदी जवळून फिरत राहतो आणि कमरेशी जेमतेम थांबतो. छायाचित्रण म्हणून ते काम अप्रतिम आहे, आणि त्यात त्याचा चेहरा आहे, आवाज आहे, भाव आहे. तरी त्यानंतरच्या दौऱ्यात काय झालं? वर्षानुवर्षं खपून केलेलं संगीत तो घेऊन उभा राहायचा आणि समोरून ओरडा व्हायचा, कपडे काढ. त्याचा त्याला झालेला त्रास त्याच्या सोबतच्या वादकांनी पुढे उघड सांगितला आहे. त्याचा पुढचा अल्बम यायला २०१४ उजाडलं. चौदा वर्षांना इतरही कारणं होती, सगळा दोष एका व्हिडिओवर मी टाकणार नाही. पण ज्याच्या गळ्यासाठी लोक आले होते त्याला ते गळा सोडून बाकी सगळं मागू लागले, आणि ही मागणी त्यांना एका कॅमेऱ्यानं शिकवली होती.

'मग मुलींना थेट कॅमेऱ्यात बघू द्या, म्हणजे नजरेला नजर मिळेल', हा उपाय मीही एके काळी मोठ्या विश्वासानं मांडायचे. २०१३ च्या 'ब्लर्ड लाइन्स' गाण्याच्या व्हिडिओनं तो विश्वास मोडला. त्या व्हिडिओची दिग्दर्शक बाई होती. मॉडेल्सना आपण मुद्दाम लेन्समध्ये बघायला सांगितलं, सत्ता त्यांच्या हातात दिसावी म्हणून, असं तिनं तेव्हा मुलाखतीत सांगितलं होतं. पुढे २०२१ मध्ये त्यातली एक मॉडेल एमिली राताकोव्स्की हिनं आपल्या पुस्तकात आरोप केला की शूट चालू असताना गायक रॉबिन थिक यांनी तिला मागून येऊन नको तिथे धरलं. दिग्दर्शिकेनंही त्या प्रसंगाला दुजोरा दिला. म्हणजे पडद्यावर सत्ता तिच्या डोळ्यांत दिसत होती आणि सेटवर ती तिच्या पाठीचंही रक्षण करू शकत नव्हती. फ्रेमचा प्रश्न फ्रेमच्या आत सुटत नाही. नाचणारीला सेटवर 'थांबा' म्हणता येतं का आणि म्हटल्यावर पुढचं काम मिळतं का, तिथे तो सुटतो.

आणि मागच्या रांगेतल्या मुलीला तर गायिकेइतकंही बोलता येत नाही. तिच्या वतीनं बोललेल्या माणसांत मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजच्या विद्यार्थिनी. २००४ मध्ये नेली या रॅपरच्या संस्थेची अस्थिमज्जादात्यांची नोंदणी मोहीम तिथे व्हायची होती. त्याच्या बहिणीला रक्ताचा कर्करोग होता, मोहीम खरोखर गरजेची होती. त्याच सुमारास त्याच्या एका व्हिडिओत नाचणाऱ्या मुलीच्या नितंबांमधून क्रेडिट कार्ड फिरवल्याचं दृश्य आलं होतं. कृष्णवर्णीय मुलींच्या त्या कॉलेजातल्या विद्यार्थिनींनी मागितलं ते एवढंच: इथे याल तेव्हा त्या व्हिडिओबद्दलही आमच्याशी बोला. संस्थेनं कार्यक्रमच रद्द केला. ज्या मुलींच्या मज्जेची गरज होती, त्यांच्याशी त्यांच्या शरीराबद्दल बोलायची तयारी नव्हती. हे वाचून मला आजही गलबलतं.

सरकारी यंत्रणांकडून फार आशा मला नाही, पण जे झालं ते सांगायला हवं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून ऑनलाइन संगीत व्हिडिओंना चित्रपटांसारखे वयोगट लावायचा प्रयोग सुरू झाला: १२, १५, १८. चांगलं केलं. मुलांना काय दिसावं याचा विचार झाला. पण पडद्यावर जी दिसते तिला हे दाखवायचं होतं का, हा प्रश्न त्या आकड्यांत कुठेच येत नाही. प्रेक्षक अठराचा झाला म्हणून 'कट'नंतर घेतलेला शॉट तिच्या मर्जीचा होत नाही.

चित्रपट आणि मालिका आपल्यापेक्षा पुढे गेल्या आहेत. तिथे करारालाच एक जोडपत्र असतं. शरीराचा कुठला भाग दिसेल, कितपत दिसेल, काय दिसणार नाही, हे त्यात लिहितात. २०१८ मध्ये एचबीओ या अमेरिकन वाहिनीनं अशा प्रसंगांसाठी सेटवर इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीच्या दृश्यांत कलावंतांची संमती आणि सुरक्षितता सांभाळणारी व्यक्ती, नेमायला सुरुवात केली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कलावंतांच्या सॅग-आफ्ट्रा संघटनेनं त्याचे मापदंड जाहीर केले. आपल्याकडे एका दिवसाचं शूट, पहाटे बोलावणं, सह्या मेकअपच्या खुर्चीत. 'निर्मात्याला योग्य वाटेल त्या स्वरूपात वापर' हे शब्द असलेल्या कागदावर मी स्वतः सही केली आहे, डोळ्यांत काजळ भरलं जात असताना.

वेळ नसतो, खर्च वाढतो, एकदा लॉक झालेलं, म्हणजे अंतिम ठरलेलं, संकलन उघडता येत नाही, ही कारणं मला देऊ नका. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गटाच्या नव्या व्हिडिओत तंग नर्सवेशातली काही सेकंदांची दृश्यं होती. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं जाहीर हरकत घेतली. व्हिडिओ येऊन आठवडाही झाला नव्हता तोवर कंपनीनं ती दृश्यं काढायचं जाहीर केलं. जगभर पाहिला जाणारा व्हिडिओ पुन्हा कापला गेला आणि कुणाचं काही कोसळलं नाही. परिचारिकांना संघटना होती म्हणून ते झालं. आठ जणींच्या मागच्या रांगेला ती बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून तिच्यासाठी ते आपण आपणहून करायला हवं.

काय करायला हवं ते सांगते, आणि त्यातलं निम्मं आजपासून होऊ शकतं. 'कट' म्हटलं की कॅमेरा बंद. चालू राहिलाच तर ते फुटेज माझ्या टेबलापर्यंत येऊ नये, आणि आलं तर मी ते उघडणार नाही. लांब लेन्स लावलेला दुसरा कॅमेरा असेल तर तो काय घेतोय हे नाचणारीला आधी मॉनिटरवर दाखवा. याला दोन मिनिटंही लागत नाहीत. तिनं पाहिलेल्या फ्रेमपेक्षा जवळ जायचं असेल, डोकं कापायचं असेल, गती उतरवायची असेल, तर तिला विचारा. आणि लॉक करण्याआधी तो व्हिडिओ, त्याची उभी आवृत्ती आणि थंबनेल या तिन्ही गोष्टी तिनं पाहिलेल्या असाव्यात. गायिकेनं तर पाहाव्याच, मागच्या रांगेतल्या प्रत्येकीनंही पाहाव्यात. तिनं एखाद्या जागी 'हे नको' म्हटलं तर कारण विचारू नका. दुसरा टेक लावा. आपल्याकडे दुसरा टेक नेहमी असतो.

यानं काम बेचव होईल अशी भीती मला वारंवार ऐकवली जाते. ज्या जुन्या व्हिडिओपासून मी हे पत्र सुरू केलं तिकडेच पुन्हा जाते. ओ'कॉनर यांचा १९९० चा 'नथिंग कम्पेअर्स टू यू'. जवळजवळ सगळा व्हिडिओ म्हणजे एक चेहरा. काळी पार्श्वभूमी, तासलेलं डोकं, आणि शेवटाकडे गालावरून ओघळणारे खरे अश्रू, जे कुणी आधी ठरवले नव्हते. दिग्दर्शक जॉन मेबरी यांनी तो शॉट कापला नाही. ती थेट आपल्याकडे बघते, आणि आपल्याला तिच्या जवळ असल्याचा अर्थ कळतो. त्या वर्षी एमटीव्हीचा सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा पुरस्कार त्याला मिळाला. संकलक म्हणून मी तो शंभरदा तरी पाहिला असेल. त्यात कापण्याचा मोह होईल अशा किमान सहा जागा मला दिसतात. न कापणाऱ्या त्या हाताचा मला हेवा वाटतो.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे नवं काम येतं आहे. चार नर्तिका आणि दोन नर्तक. वर लिहिलेलं सगळं एका परिच्छेदात बसतं, मी तो पाच ओळींत लिहून ठेवला आहे. तो करारात घालणार असाल तरच मी रशेस स्वीकारेन, असं त्या कंपनीला कळवलं आहे आणि उत्तराची वाट पाहते आहे. तुमच्यापैकी ज्यांना त्या पाच ओळी हव्या असतील त्यांनी मागा, त्याच दिवशी पाठवेन. त्यात काही सुधारायचं असेल तर सुधारा, पण आधी सेटवर नाचणाऱ्या कुणाला तरी त्या वाचायला द्या.

आणि जिच्या अठरा फ्रेम मी घेतल्या, तिच्या हाती हे पत्र पडलं तर: मूळ फाइल माझ्याकडे अजून आहे. तो तुकडा काढून नवी आवृत्ती चढवावी, अशी विनंती मी त्या व्हिडिओच्या निर्मात्यांकडे लेखी केली आहे. तुला विचारून करायला हवी होती, तुझा नंबर बदलला आहे. नको असेल तर कळव, मी विनंती मागे घेईन. हो असेल तर त्या ठोक्यावर तुझा दुसऱ्या दिवशीचा तिसरा टेक बसतो. त्यात तुझी मान पूर्ण वळली आहे.

आपली,
तुमच्यातलीच एक संकलक